रानडुक्कर, गावठी कुत्रा आणि राखणीची रात्र

ऑक्टोबरचा महिना आहे असं समजा. सह्याद्रीच्या उतारावरची एक छोटी वाडी. पाऊस नुकताच सरलाय. खालच्या मळ्यात भात पिवळं पडायला लागलंय, वरच्या वरकस जमिनीत नाचणीची कणसं वळलीत आणि घरामागच्या तुकड्यात भुईमूग काढणीला आलाय. चार महिन्यांची मेहनत अजून चार दिवसांत घरात येणार.

आणि नेमक्या त्याच रात्री कळप येतो.

सकाळी तुम्ही शेतात जाता तर कुणी नांगर फिरवून गेल्यासारखी माती उलथलेली. भुईमुगाचे वेल उपटून पडलेत, शेंगा गायब. भात खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. बांधावर दोन खुरांचे खोल ठसे. हे कुणाचं काम, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल: रानडुक्कर.

तुम्ही हा लेख पुण्यात लोकलची वाट पाहत वाचत असाल, लखनऊच्या वृंदावन योजनेतल्या फ्लॅटमध्ये चहा घेताना वाचत असाल, नाहीतर गावच्या ओटीवर बसून. कुठेही असलात तरी आज थोडा वेळ या मळ्यात या. कारण या उलथलेल्या मातीशी एक फार जुनी गोष्ट जोडलेली आहे. माणूस, त्याचा कुत्रा आणि रानडुक्कर या तिघांची. ती शौर्याची आहे, भुकेची आहे, आणि आज कायद्याचीही आहे.

आधी पाहुण्याची ओळख

रानडुक्कर म्हणजे गावात फिरणारं डुक्कर नव्हे. काळपट राखी रंग, राठ केस, मानेपासून पाठीवर उभी राहणारी आयाळ, पुढून भारी आणि मागे उतरतं अंग. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास सहज भरतो. नजर बेताची, पण नाक असं की जमिनीखालचा कंद त्याला वरून कळतो. रताळी, सुरण, भुईमूग, गांडुळं, अळ्या, पडलेली फळं, मेलेलं जनावर, जे मिळेल ते तो खातो.

त्याचं शस्त्र म्हणजे सुळे. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जातात आणि त्यामुळे धार लावल्यासारखे तीक्ष्ण राहतात. डुक्कर चावण्यापेक्षा खालून वर असा फटका मारतं. तो फटका माणसाच्या मांडीला बसला तर मांडी फाटते, कुत्र्याच्या पोटाला बसला तर पोट. वाघसुद्धा मोठ्या नराच्या अंगावर जाताना जपून जातो.

माद्या आणि पिल्लं कळपात राहतात, मोठे नर बहुतेक एकटे फिरतात. असा एकांडा नर सगळ्यांत धोक्याचा, असं रानात वावरणारी माणसं सांगतात. मादी साधारण चार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात. लहानपणी त्यांच्या अंगावर पट्टे असतात. दिसायला इतकी गोजिरी, की मुलांना उचलून घ्यावीशी वाटतात. ती चूक मात्र कधी करू नका. आई जवळच असते.

कुत्र्याशिवाय पारध नाही

डोंगरातल्या पारधीत बंदूक नंतर आली. त्याआधी भाला होता, कोयता होता, जाळं होतं. आणि या सगळ्यांच्या आधी कुत्रा होता.

मैदानात आणि डोंगरात फरक काय, ते इथे कळतं. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा हाउंड, ज्याच्या जातकुळीला आपल्याकडे 'कारवान' म्हणूनही ओळखतात, तो उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा. तो डोळ्यांनी शिकार हेरतो आणि उघड्या माळावर सशाला गाठतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली म्हणून तिचं नाव झालं. पण करवंदीच्या जाळ्या, कारवीचं रान आणि ओढ्याच्या घळीत हे वेगवान पाय काय करणार? तिथे लागतं नाक, लागतो धीर, आणि लागतो आवाज.

हे तिन्ही गुण आपल्या साध्या गावठी कुत्र्यात असतात. उभे कान, वळलेली शेपूट, मध्यम बांधा. त्याची ना कुठे किंमत, ना कुठे कागद. पण जुन्या पारधी माणसाला विचारा. गावातल्या वीस कुत्र्यांतलं कुठलं माग काढणारं, कुठलं नुसतं गोंगाट करणारं आणि कुठलं डुकरासमोर उभं राहणारं, हे तो बोटांवर मोजून सांगेल.

पारधीची रीत साधारण अशी असे. सकाळी दव असताना माग पाहायचा. डुक्कर कुठल्या जाळीत शिरलंय, ते ताज्या ठशांवरून आणि चिखलात लोळलेल्या जागेवरून ओळखायचं. मग दोन तुकड्या. एक तुकडी हाकाऱ्यांची. हे लोक एका बाजूने डबे वाजवत, आरोळ्या देत, कुत्री सोडून रान उठवत निघणार. दुसरी तुकडी डुकराच्या येण्याजाण्याच्या वाटांवर दबा धरून बसणार.

कुत्री आत शिरली की बाहेरच्या माणसाला दिसत काहीच नाही. सगळं कानांवर. आधी एखाददुसरं भुंकणं, तुटक. मग माग पक्का झाला की लांबलचक, पळता आवाज. आणि मग एकदम एका जागी थांबलेलं, घोगरं, संतापलेलं भुंकणं. कुत्र्यांचा आवाज असा 'बसला', की जाणत्यांना कळायचं: डुकरानं पाठ झाडाला किंवा कातळाला लावली आहे आणि तोंड कुत्र्यांकडे केलंय. आता ते पळणार नाही, लढणार.

इथे चांगला कुत्रा अंगावर जात नाही. तो घेरतो, भुंकतो, मागच्या पायाकडे झेप घेतो, सुळा वळला की मागे सरतो. वेडं धाडस करणारं कुत्रं एका फटक्यात आडवं होतं. पोट फाटलेलं कुत्रं खांद्यावर टाकून घरी आणायचं, हळद भरायची, सुई-दोऱ्यानं टाके घालायचे, आणि रात्रभर त्याच्याजवळ बसायचं. अशा आठवणी डोंगरातल्या कितीतरी घरांत सापडतील. सगळी कुत्री वाचत नसत.

शिकार झाली की वाटे पडत. देवाचा मान, मारणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे. जिथे रीत पाळली जाई तिथे कुत्र्यालाही वाटा मिळे. कोकणात काही गावांत शिमग्याच्या दिवसांत गावाने मिळून पारधीला जाण्याची प्रथा होती. ती पिकाची राखणही होती, गावाचा सणही होता आणि वर्षातून क्वचित मिळणाऱ्या मटणाचं निमित्तही.

दगडावर कोरलेली काळी

आता हजार वर्षं मागे चला. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथे दहाव्या शतकातला एक शिलालेख सापडला. आज तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

इ. स. 949 च्या सुमाराला तक्कोलमची मोठी लढाई झाली. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा साथीदार गंग राजा बूतुग यांनी चोळ राजपुत्र राजादित्याला हरवलं. हे राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या घराण्यात घडलं तेच. या लढाईत बूतुगाच्या मणलेर नावाच्या वीरानं पराक्रम केला. राजा खूश झाला. काय हवं ते माग म्हणाला.

तुम्ही असता तर काय मागितलं असतं? जमीन? सोनं? मणलेरानं मागितली एक कुत्री. तिचं नाव काळी.

पुढे एका डोंगरावर काळीला एका भल्यामोठ्या रानडुकरावर सोडलं गेलं. दोघंही मागे हटली नाहीत. कुत्रीनं डुकराला मारलं, डुकरानं कुत्रीला. मणलेरानं तिच्यासाठी देवळासमोर दगड उभारला, त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली. दगडावर आजही दिसतं: डुक्कर आणि कुत्रं समोरासमोर, भिडलेली.

जरा विचार करा. त्याच दगडावर एका साम्राज्याच्या लढाईची हकीकत आहे आणि त्याच दगडावर एका कुत्रीचं मरण आहे. लिहिणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच नोंदवण्याजोग्या वाटल्या. आपल्याकडे वीरगळ गावोगाव आहेत, पण कुत्र्याची अशी नावासकट आठवण फार थोडी.

याहून मागे जायचं तर मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहा आहेत. तिथल्या एका खडकावर लाल रंगात एक प्रचंड डुक्कर रंगवलंय आणि त्याच्या पुढे पळणारा माणूस अगदी चिमुकला आहे. शिकारी कोण आणि सावज कोण, ते चित्र पाहून सांगता येत नाही. काश्मीरमधल्या बुर्झहोमला सापडलेल्या नवाश्मयुगीन दगडावर हरणाची शिकार कोरली आहे, आणि तिथे शिकाऱ्यांसोबत कुत्रा आहे.

देवांच्या गोष्टीतलं डुक्कर

आपलं या प्राण्याशी नातं गमतीदार आहे. एकीकडे दशावतारांतला तिसरा अवतार वराह. पृथ्वीला सुळ्यावर तोलून पाण्याबाहेर काढणारा. दुसरीकडे महाभारतातली किराताची गोष्ट. अर्जुन डोंगरावर तप करत असतो. एक दैत्य रानडुकराचं रूप घेऊन त्याच्यावर चालून येतो. अर्जुनाचा बाण आणि डोंगरातल्या एका किराताचा बाण एकाच वेळी डुकराला लागतात. मग सावज कुणाचं, यावरून दोघांचं भांडण जुंपतं. शेवटी कळतं की तो किरात म्हणजे साक्षात शंकर. सावज कुणाचं, हा वाद पारधीइतकाच जुना आहे तर!

आणि आपला खंडोबा. घोड्यावर बसलेला, शिकारीला निघणारा, सोबत कुत्रा असलेला देव. धनगर, कोळी, शेतकरी, साऱ्यांचा. जेजुरीच्या देवाजवळ कुत्र्याला जागा आहे, हे उगाच नाही. ज्या समाजाची गुरं, मेंढरं आणि पीक कुत्र्याच्या भरवशावर होतं, त्या समाजाने आपल्या देवालाही कुत्रा दिला.

आपल्या बोलण्यातही पारध भरून राहिली आहे. आपण कामाचा 'माग' काढतो, संधीवर 'दबा धरून' बसतो, कुणाला तरी 'सावज' करतो, प्रतिस्पर्ध्याला 'कोंडीत' पकडतो. ऐन शिकारीच्या वेळी कुत्रं कुठे बसतं, ती म्हण तर तुम्हाला ठाऊकच असेल. जेवताना ती आठवू नका एवढंच. पुण्याहून बाह्यवळण रस्त्याने जाताना वारज्याजवळ लागणाऱ्या खिंडीचं नाव आजही 'डुक्करखिंड' आहे. गाड्यांच्या रांगेत अडकलात की जरा आठवा, या वाटेवर एकेकाळी कोण फिरत असेल.

डोंगर बदलला, गोष्ट तीच

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. ग्रीक पुराणात आर्टेमिस देवीचा नैवेद्य राजा विसरतो म्हणून ती चिडते आणि कॅलिडॉनच्या शेतांवर एक अजस्र रानडुक्कर सोडते. पिकं उद्ध्वस्त होतात. मग वीर जमतात, कुत्री सुटतात, आणि डुकराला पहिली जखम करते ती अटलांटा नावाची तरुणी. पाहा, देवीनं शिक्षा म्हणून वीज पाडली नाही की पूर आणला नाही. डुक्कर पाठवलं. शेतकऱ्याचं दुःख तिला चांगलं माहीत होतं.

अमेरिकेतल्या अपलाचियन डोंगरांत जर्मनीहून 1750 मध्ये गेलेल्या प्लॉट नावाच्या कुटुंबाने एक शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. 'प्लॉट हाउंड' 1989 पासून नॉर्थ कॅरोलिनाचा राज्यकुत्रा आहे. त्याच डोंगरांत 1912 मध्ये एका धनिकाने हौसेच्या शिकारीसाठी हूपर बाल्ड नावाच्या माथ्यावर युरोपातली रानडुकरं आणून कुंपणात सोडली. काही वर्षांत ती कुंपण तोडून पळाली. आज तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला तीच डुकरं डोकेदुखी झाली आहेत, कारण तिथल्या रानाला ती परकी आहेत. अर्जेंटिनात 1920 च्या दशकात आंतोनियो नोरेस मार्तिनेस यांनी रानडुकरासारख्या मोठ्या शिकारीसाठीच 'डोगो अर्जेंटिनो' ही पांढरी, दणकट जात तयार केली.

आपल्याकडे इंग्रज साहेबांनी घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याचा खेळ केला. मेरठजवळची 'कादिर कप' स्पर्धा त्यासाठी प्रसिद्ध होती. बालवीर चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल यांनी 1883 मध्ये ती जिंकली आणि पुढे या खेळावर पुस्तकही लिहिलं. साहेबासाठी तो खेळ होता. शेतकऱ्यासाठी तो कधीच नव्हता.

आजोबा खोटं बोलत नाहीत, पण...

तुमच्या आजोबांनी डुकराच्या शिकारीची गोष्ट सांगितली असेल तर ती बहुधा खरी आहे. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काही प्राण्यांची शिकार परवाना घेऊन करता येत असे. 1991 च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. 2022 च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या अनुसूची कमी झाल्या आणि आता रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गावोगाव याबद्दल गैरसमज आहे. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, कुत्री मागे लावून पाठलाग करणं, हाकारा घालून प्राणी हुसकणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे डुक्कर निसटलं, कुणाच्या हाताला काही लागलं नाही, तरी कुत्री घेऊन रान उठवणं हा गुन्हाच. 'आम्ही मारलं नाही, फक्त वाटा घेतला' हे म्हणणंही चालत नाही. मटण बाळगणं, विकणं, विकत घेणं, सगळंच अडचणीत आणतं. आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. फुशारकी मारायला टाकलेला व्हिडिओ वनखात्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

मग शेतकऱ्यानं हात बांधून बसायचं का? नाही. त्याच कायद्यात सोय आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्राने 2015 मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या बाबतीत अशा परवानगीची वाट थोडी सोपी केली. केरळने 2022 मध्ये हा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांपर्यंत नेला. उत्तराखंडच्या काही भागांत 2016 मध्ये केंद्राने रानडुकराला ठरावीक मुदतीसाठी 'उपद्रवी' घोषित केलं होतं.

पण कागदावरची वाट आणि पायाखालची वाट यांत अंतर असतं. परवानगी आली तरी बंदूक कुणाकडे आहे? कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत, पण निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. तरुण मुंबईला, गावात उरले साठीपुढचे. रात्री अंधारात, दाट झाडीत, पळत्या जनावरावर नेम धरणं म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ. शिकारीला गेलेल्याला साथीदाराचीच गोळी लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

सगळ्यांत वाईट वाट: फासकी आणि तार

पारध बंद झाली, पण डुकरं थांबली नाहीत. मग काही जण गुपचूप सोप्या वाटेला लागले. दुचाकीच्या क्लचवायरची फासकी, पिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब, आणि कुंपणात सोडलेला घरचा विजेचा प्रवाह.

कुत्र्यांच्या पारधीत निदान समोर कोण आहे हे माणसाला दिसत असे. पिल्लं असलेली मादी दिसली तर सोडून देता येत असे. फासकीला डोळे नसतात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून तडफडल्याच्या घटना कोकणात वारंवार घडतात. गावठी बॉम्ब गाय चावते, कुत्रं चावतं. विजेच्या तारेला तर पहाटे बाहेर पडलेला शेजारी, राखणीला निघालेला बाप, कधी तार लावणाराच चिकटतो. एका पिकासाठी एक घर उघडं पडतं आणि दुसऱ्या घरातला माणूस तुरुंगात जातो.

असा विचार तुमच्या वाडीत कुणी बोलून दाखवला, तर कृपा करून गप्प बसू नका.

डुकरं वाढली, की आपणच जागा दिली?

जुनी माणसं म्हणतात, पूर्वी एवढी डुकरं नव्हती. त्यात तथ्य असेल, पण कारणं फक्त रानात नाहीत. चाकरमान्यांची शेतं वर्षानुवर्षं पड राहिली. जिथे भात होतं तिथे झुडपं वाढली. डुकराला दिवसा लपायला आता डोंगरात जावं लागत नाही. घराच्या शंभर पावलांवर त्याची जाळी तयार आहे. वाडीतली दहा शेतं पिकत होती तेव्हा दहा माळ्यांवर दहा माणसं राखणीला असत. आता एकच शेत उरलं, की सगळा कळप त्या एकट्यावर.

दुसरीकडे वाघ, रानकुत्रे यांसारखे डुकराला खाणारे प्राणी कितीतरी भागांतून हटले. आणि हेही लक्षात घ्या, की रानात डुक्कर हा शत्रू नाही. ते माती उकरतं, बिया पसरवतं, मेलेलं साफ करतं, आणि वाघ-बिबट्याचं पोट भरतं. सगळी डुकरं संपली तर बिबट्या तुमच्या गोठ्याकडे आणखी वेळा येईल.

कुत्र्याला नवं काम

म्हणजे काळीच्या वंशजांनी आता करायचं काय? माझ्या मते त्यांचं जुनं काम संपलेलं नाही, फक्त जागा बदलली आहे. रानात शिरून डुक्कर घेरण्याऐवजी शेताच्या कडेला राहून माणसाला जागं करायचं.

ज्यांनी राखणीची रात्र काढली आहे त्यांना माहीत आहे, की पहाटे दोन ते चार हा वेळ वैरी असतो. डोळा लागतोच. तेव्हा मांगराजवळचा कुत्रा गुरगुरला, की टॉर्च मारता येतो, डबा बडवता येतो, शेजारच्या माळ्याला हाळी देता येते. कळप बहुतेक वेळा वळतो. कुत्र्याला जखम नाही, माणसावर गुन्हा नाही, पीक वाचलं.

या कामाला लावायच्या कुत्र्याचीही काळजी घ्या. रेबीजची लस द्या, नसबंदी करून घ्या. रात्री बिबट्याचा वावर असेल तर त्याला उघड्यावर बांधून ठेवू नका. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, ती युक्ती इथेही घेण्याजोगी. आणि रानडुकराचं कच्चं मांस कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यातून होणारे काही आजार कुत्र्याच्या जिवावर बेततात.

एकट्या कुत्र्यावर सगळं टाकूनही भागणार नाही. त्याच्या जोडीला हे करून पाहा:

• दगडी गडगा पडला असेल तर पावसाआधी उभा करा. आजोबांनी तो शोभेसाठी बांधला नव्हता.

• कडेला सागरगोटा, घायपात, निवडुंग यांचं दाट काटेरी कुंपण लावा. वाढायला वेळ लागतो, पण एकदा वाढलं की पिढीभर टिकतं.

• सौरकुंपण घ्यायचं तर प्रमाणित यंत्रच घ्या. त्यात क्षणिक झटका बसतो, जीव जात नाही. एकट्यापेक्षा पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून घेतलं तर खर्च वाटला जातो. जंगलालगतच्या गावांसाठी राज्याच्या जनवन विकास योजनेतून अनुदान मिळतं. वनरक्षकाकडे चौकशी करा.

• जुन्या रंगीत साड्या बांधणं, न्हाव्याकडचे केस बांधावर टाकणं हे उपाय शेतकरी करतात. थोडे दिवस उपयोग होतो, मग डुक्कर सरावतं. म्हणून उपाय बदलत राहा.

• नुकसान झालं तर माती सारखी करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, ठशांसकट. लगेच वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई पुरेशी नसते हे खरं, पण अर्जच केला नाही तर नुकसान झाल्याची नोंदही राहत नाही.

• पड शेतं निदान वर्षातून एकदा साफ करा. मुंबईतल्या भावाला फोन करून सांगा, की तुझ्या शेतातली झाडी माझं भात खाते आहे.

तुम्ही शहरात राहत असाल तर

तुमच्यासाठीही दोन गोष्टी आहेत. ट्रेकला जाताना घरचा लाडका कुत्रा सोबत नेत असाल, तर रानात त्याचा पट्टा सोडू नका. तुमचा लॅब्राडोर डुकराच्या पिल्लामागे गंमत म्हणून धावेल, पण पिल्लाच्या आईला ती गंमत कळणार नाही. अभयारण्यात तर कुत्रा नेऊच नका. त्याच्याकडून रोग रानात जाऊ शकतात. 2018 मध्ये गीरच्या सिंहांना कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूने ग्रासलं होतं, आणि हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो.

वाटेत डुक्कर समोर आलंच, तर ओरडत पळू नका, दगड मारू नका. त्याची निघून जायची वाट मोकळी करा आणि हळूहळू मागे सरा. मादी आणि पिल्लं यांच्या मध्ये तर चुकूनही जाऊ नका. शक्य असेल तर झाडाचा किंवा मोठ्या खडकाचा आडोसा घ्या.

आणि गावाकडून कुणी 'खास मटण' आणलं म्हणून कौतुकाने ताट पुढे करण्याआधी एकदा विचारा, कुठून आलं.

पुन्हा त्या मळ्यात

आपण सुरुवात केली होती उलथलेल्या मातीपाशी. आता त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. राग येणारच. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत गेली, त्याला 'निसर्गाचा समतोल' सांगणं सोपं आहे, ऐकणं अवघड. त्याचा राग खोटा ठरवायचा नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, एवढं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे. पारध हे एकट्याचं काम कधीच नव्हतं, सगळी वाडी निघायची. राखणही एकट्याची नसावी.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'तुमच्या वेळी पारधीला कुठलं कुत्रं सर्वांत पुढे असायचं?' बघा, नाव आठवायला क्षणही लागणार नाही. रंग, खोड, कुठल्या जाळीत जखमी झालं, कितव्या दिवशी उठून चालायला लागलं, सगळं येईल. ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

मणलेराने आपल्या काळीसाठी दगड कोरून घेतला होता. तुमच्या वाडीतल्या त्या कुत्र्यासाठी कुणी दगड उभारला नाही. त्याची गोष्ट सांगणारा एक माणूस तेवढा उरलाय. तो आहे तोवर ऐकून घ्या.

आणि ऐकता ऐकता अंगणातलं आजचं कुत्रं रात्री एकाएकी उभं राहून मळ्याकडे तोंड करून भुंकायला लागलं, तर त्याला गप्प करू नका. टॉर्च घ्या आणि आधी शेजाऱ्याला हाक मारा.